परीक्षकाची भाषा : अवकाशविज्ञानातील संशोधन-प्रस्तावांच्या परीक्षणाविषयी काही विचार

१

अवकाशविज्ञानातील संशोधन-प्रस्तावांचे परीक्षण हा विषय भाषाशास्त्राच्या एका अध्यापकाने विवेचनास घ्यावा, याचे या पत्रिकेच्या वाचकांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. ताऱ्यांविषयी अधिकारवाणीने काही सांगण्याची पात्रता प्रस्तुत लेखकाच्या ठायी नाही. परंतु प्रस्ताव लिहिला जातो तो भाषेत, त्यावरचा अभिप्रायही भाषेतच दिला जातो, आणि त्या दोन लेखांच्या मधल्या अंतरात एखाद्या संशोधकाची पाचदहा वर्षे अडकून पडलेली असतात. हे अंतर तपासणे हे भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेतील काम आहे, एवढाच माझा दावा आहे.

या विवेचनास निमित्त घडले ते असे. सोलापुरातील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे माझे एक स्नेही एका संशोधन-योजनेसाठी परीक्षक म्हणून आपण होऊन नाव नोंदवून बसले होते. एके दिवशी ते माझ्याकडे आले. प्रस्ताव गोपनीय असल्यामुळे तो त्यांनी मला दाखविला नाही, व ते योग्यच झाले. त्यांनी दाखविले ते स्वतःचे एकच इंग्रजी वाक्य. त्याचा मराठी आशय असा होता : ‘हा प्रस्ताव महत्त्वाकांक्षी आहे.’ त्यांचा प्रश्न होता, ‘हे वाचून त्या माणसाला बरे वाटेल की वाईट?’ मी म्हणालो, ‘शब्दकोशाप्रमाणे बरे वाटावे; परीक्षकांच्या प्रघाताप्रमाणे वाईट.’ कारण परीक्षकांच्या इंग्रजीत हे विशेषण बहुधा ‘हे यांच्याने होणार नाही’ एवढाच अर्थ सांगते. त्यावर ते म्हणाले, ‘मग मला काय म्हणायचे आहे ते मलाच अजून कळलेले नाही.’ त्यांनी ते वाक्य खोडले, घरी जाऊन प्रस्ताव पुन्हा वाचला, आणि प्रस्तावकाने मागितलेला वेळ त्याच्या उद्दिष्टास का अपुरा पडेल याचे गणित अभिप्रायात मांडले. प्रस्तुत लेखाचा सारा आशय या घटनेत आलेला आहे. पुढे त्याचा केवळ विस्तार आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. खगोलशास्त्रज्ञ आकाशाचे निरीक्षण करतो. परीक्षक प्रस्तावाचे परीक्षण करतो. वाङ्मयाचा अभ्यासक ग्रंथाची समीक्षा करतो. या तिन्ही शब्दांत संस्कृतातील ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणे, हा एकच धातू आहे. ‘परि’ या उपसर्गाने सर्व बाजूंनी पाहणे सूचित होते, ‘सम्’ने नीट पाहणे. मराठीतील ‘पारख’ हा तद्भव शब्दही ‘परीक्षा’ या शब्दापासूनच आलेला आहे. याच धातूपासून ‘उपेक्षा’ हाही शब्द बनला आहे, हे मात्र परीक्षकाने विसरू नये. पाहूनही न पाहिल्यासारखे करणे हादेखील पाहण्याचाच एक प्रकार आहे, असे भाषा सांगते. दुसऱ्या बाजूस ‘प्रस्ताव’ या शब्दात ‘स्तु’, म्हणजे स्तुती करणे, हा धातू आहे. प्रस्तावकाने आपल्या कल्पनेची थोडी स्तुती करावी हे शब्दातच गृहीत धरलेले आहे. त्या स्तुतीने परीक्षकाने भुलू नये, आणि रागावूही नये.

परीक्षकाच्या पदासाठी आपल्याकडे दोन नावे प्रचारात आहेत. ‘मानद परीक्षक’ या नावात मान आहे, ‘स्वयंसेवक’ या नावात सेवा आहे. काम एकच, बहुधा विनामोबदला, किंवा नाममात्र मानधनावर केलेले. अमेरिकेची नासा ही संस्था आपल्या विज्ञानविषयक योजनांच्या परीक्षणमंडळांसाठी तज्ज्ञांनी आपण होऊन नावे कळवावीत असे आवाहन करीत असते. आपल्याकडे नावे आपण होऊन कळविण्याची चाल फारशी रुजलेली नाही. परीक्षक बोलावला जातो, तो येत नाही. ‘मानद’ या शब्दात तो भेद दिसतो. मान दुसऱ्याने द्यावयाचा असतो, सेवा स्वतः पुढे होऊन करावयाची असते.

३

या कामाचे महत्त्व ध्यानात यावे म्हणून आपल्या जवळचीच उदाहरणे घेऊ. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटर-तरंग रेडिओ-दुर्बीण, म्हणजेच ‘जीएमआरटी’, उभी आहे. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पकतेतून ती साकार झाली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. २००२ पासून ती जगातील सर्व संशोधकांस खुली आहे. तिचा वेळ मागणारे प्रस्ताव वर्षातून दोनदा स्वीकारले जातात, तज्ज्ञ ते वाचतात, आणि वेळवाटप समिती निर्णय देते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय वेधशाळेसाठीही अशीच पद्धती आखली गेली. तिचे प्रस्ताव स्वीकारण्याची संगणकीय व्यवस्था पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेने सिद्ध केली. विद्यापीठांतील संशोधकांस अवकाशविषयक प्रकल्पांसाठी अनुदान देणारी ‘इस्रो’ची ‘रिस्पाँड’ ही योजनाही तज्ज्ञांच्या अभिप्रायावर चालते.

या सर्व ठिकाणी वाटावयाची वस्तू परिमित आहे. दिवसाचे तास चोवीसच. त्यांतील एक तास एकाला दिला म्हणजे तो दुसऱ्याला नाकारला. ग्रंथाचे परीक्षण करणाऱ्या समीक्षकाची चूक झाली तरी ग्रंथ शिल्लक राहतो, आणि पुढची पिढी त्याला न्याय देऊ शकते. प्रस्ताव नाकारला गेला तर मात्र न्याय देण्याजोगे काही उरत नाही. जे निरीक्षण झालेच नाही त्याचे पुनर्मूल्यन कोण करणार? म्हणून वाङ्मयसमीक्षकापेक्षा प्रस्तावाच्या परीक्षकावरील भाषिक जबाबदारी अधिक आहे, कमी नाही.

४

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात झालेली महत्त्वाची सुधारणा म्हणजे द्विपक्षी अनामिकता. परीक्षकाचे नाव प्रस्तावकास कळत नसे ही जुनीच रीत. आता प्रस्तावकाचे नावही परीक्षकास कळू द्यावयाचे नाही. हबल अवकाश-दुर्बिणीच्या वेळवाटपात २०१८ मध्ये, म्हणजे २६ व्या फेरीत, ही पद्धती प्रथम पूर्णपणे अमलात आली. स्त्री-संशोधकांच्या प्रस्तावांना यश येण्याचे प्रमाण आधीच्या अनेक फेऱ्यांत सातत्याने कमी होते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले होते. नावे झाकल्यानंतरच्या पहिल्याच फेरीत स्त्रियांच्या नेतृत्वाखालील प्रस्तावांचे यश शेकडा ८.७ व पुरुषांच्या नेतृत्वाखालील प्रस्तावांचे शेकडा ८.० असे आढळले. एका फेरीच्या आकड्यांवर मोठा सिद्धांत उभारणे धाडसाचे होईल. तरीही ती पद्धती टिकली, आणि नासाच्या इतर अनेक योजनांनीही ती स्वीकारली.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या सुधारणेतील मनोरम भाग असा की, तिचे नियम बव्हंशी व्याकरणाचे व शैलीचे नियम आहेत. ‘आमच्या पूर्वीच्या अभ्यासात आम्ही दाखविल्याप्रमाणे’ असे प्रस्तावकाने लिहावयाचे नाही. ‘अमक्या अभ्यासात दाखविल्याप्रमाणे’ असे लिहावयाचे. म्हणजे प्रथमपुरुष काढून टाकून स्वतःच्याच कार्याचा तृतीयपुरुषी उल्लेख करावयाचा. चर्चा लेखनावरून लेखकाकडे वळू लागली तर ती थांबविणारी एक व्यक्तीही प्रत्येक मंडळात नेमलेली असते.

हीच गोष्ट मराठीत करावयाची झाली तर काय होईल? ‘मी असे मानतो’ किंवा ‘मी असे मानते’ असे लिहिताच लेखकाचे लिंग उघड होते, कारण कर्तरि प्रयोगात क्रियापद कर्त्यास अनुसरते. ‘मी हे निरीक्षण केले’ या कर्मणि प्रयोगात मात्र ते झाकलेले राहते. क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. ‘आम्ही मानतो’ या अनेकवचनातही लिंग दिसत नाही. प्रस्तावाचा खरा काळ जो भविष्यकाळ, त्यात तर मराठी सर्वस्वी निःपक्षपाती आहे. ‘मी हे निरीक्षण करीन’ या वाक्यावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. हिंदीत मात्र तेच वाक्य कर्त्याचे लिंग सांगून जाते. जे अजून व्हावयाचे आहे त्याविषयी मराठी लिंगभेद करीत नाही, हा योगायोगच खरा. पण परीक्षकाने त्यापासून बोध घेण्यास हरकत नाही.

५

येथे मला या सुधारणेची मर्यादा दाखवावयाची आहे. नाव झाकता येते, संस्था झाकता येते. भाषा झाकता येत नाही. अवकाशविज्ञानाचे प्रस्ताव आपल्याकडेही इंग्रजीतच लिहिले जातात. इंग्रजीतील ‘अ’ व ‘द’ या उपपदांना समांतर असे काही मराठीत नाही. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजीत ती कुठे गळतात, कुठे नको तेथे येतात. ज्याला इंग्रजी घरात मिळाली, त्याच्या वाक्यांत हा अडखळा नसतो. परीक्षकाला प्रस्तावकाचे नाव ठाऊक नसले तरी दोन परिच्छेदांत त्याचे ‘गाव’ ठाऊक होते. आणि सफाईदार भाषेस स्वच्छ विचार समजण्याचा मोह मोठमोठ्यांस आवरत नाही.

सोलापूरकरांस हा अनुभव नवा नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा येथील बाजारात रोज एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असतात, आणि आपल्या बोलीवर त्यांची छाया आहे. ‘मी जेवतो आहे’ म्हणण्याऐवजी आपला विद्यार्थी ‘मी जेवायलोय’ म्हणतो, आणि पुण्यात गेल्यावर ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू येते. त्या हसण्याने त्याच्या बुद्धीविषयी काहीच सिद्ध होत नाही. पण त्या दिवसापासून तो वर्गात प्रश्न विचारणे सोडतो. प्रस्तावाच्या परीक्षणात हे हसू अधिक सभ्य शब्दांत व्यक्त होते : ‘मांडणी अपरिपक्व आहे.’ मांडणीत नेमके काय अपरिपक्व आहे, वाक्ये की विचार, याचा खुलासा अभिप्रायात क्वचितच सापडतो.

आपल्या देशापुरती आणखी एक अडचण आहे. खगोलशास्त्रज्ञांचे वर्तुळ येथे लहान आहे. कोणत्या दीर्घिकेचा अभ्यास कोण करतो हे त्या वर्तुळात बहुतेकांस ठाऊक असते; नाव पुसले तरी विषयच नाव सांगतो. यावर उपाय परीक्षकांचे वर्तुळ मोठे करण्याचाच होय. ते मोठे व्हावयाचे तर महानगरांतील मोजक्या संस्थांच्या बाहेरील अध्यापकांनी, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या गावांतील अध्यापकांनी, आपण होऊन पुढे आले पाहिजे. स्वयंसेवेचा प्रश्न येथे केवळ औदार्याचा राहत नाही. तो न्यायाचा होतो.

चिली देशातील ‘अल्मा’ या दुर्बीण-समूहाने २०२१ पासून निराळा मार्ग धरला आहे. तेथे बहुसंख्य प्रस्तावांच्या बाबतीत प्रत्येक प्रस्तावकाच्या गटाने इतरांचे दहा प्रस्ताव तपासावयाचे असतात. परीक्षक विद्यार्थी असल्यास त्याला मार्गदर्शकाची जोड दिली जाते. म्हणजे सेवा ऐच्छिक न राहता मागणीबरोबर येणारे कर्तव्य बनते. हा मार्ग मला तत्त्वतः पटतो. जो दुसऱ्याचे दहा प्रस्ताव वाचतो, तो आपला अकरावा अधिक नम्रपणे लिहितो. त्यात धोका एवढाच की, सक्तीने लिहिलेला अभिप्राय आखूड होतो. आणि आखूड अभिप्रायात विशेषणे उरतात, कारणे गळतात.

६

आता या विषयातील सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळू. प्रस्थापित मताच्या विरुद्ध जाणारा प्रस्ताव आला तर परीक्षकाने काय करावे?

हॉल्टन आर्प या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाचा विलक्षण आकारांच्या दीर्घिकांचा चित्रसंग्रह १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याची उपयुक्तता सर्वमान्य आहे. परंतु क्वेसारांच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे जितक्या सरकलेल्या दिसतात, त्यावरून त्यांचे अंतर ठरविणे चुकीचे आहे, असे त्यांचे मत होते. १९८०च्या दशकाच्या आरंभी पालोमार वेधशाळेच्या वेळवाटप समितीने त्यांच्या या संशोधनास वेळ देणे बंद केले. आर्प यांनी तेथील पद सोडले आणि ते जर्मनीत म्यूनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेत गेले.

या वादाशी आपल्या मराठी विज्ञानजगताचा निकटचा संबंध आहे. कोल्हापुरास जन्मलेले, ‘आयुका’चे संस्थापक-संचालक जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) हे महास्फोट-सिद्धांताचे जन्मभर टीकाकार राहिले. २२ मे २००४ रोजी ‘न्यू सायंटिस्ट’ या नियतकालिकात काही शास्त्रज्ञांचे एक अनावृत पत्र प्रसिद्ध झाले. त्यावर आर्प यांच्याबरोबर नारळीकरांचीही सही होती. विश्वरचनाशास्त्रातील अनुदाने व वेळ यांवर ज्यांचा ताबा आहे तेच एका पक्षाचे असल्याने पर्यायी विचारांस वाव मिळत नाही, अशी त्या पत्राची तक्रार होती. पर्यायी संशोधनासाठी अनुदानाचा काही भाग राखून ठेवावा, आणि त्याचे परीक्षण विश्वरचनाशास्त्राबाहेरील खगोलशास्त्रज्ञांनी व पदार्थवैज्ञानिकांनी करावे, अशी सूचना त्यात होती.

या पत्राची तक्रार व त्याचा उपाय यांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे. उपाय मला अपुरा वाटतो. मराठी व्याकरणावरील प्रबंध ज्याने मराठी व्याकरण अभ्यासलेले नाही अशा विद्वानाकडे तपासावयास दिला, तर तो निःपक्षपाती राहील हे खरे, पण त्यातील चुका त्याला दिसणार नाहीत. अज्ञानातून येणारी तटस्थता ही तटस्थता नव्हे. परीक्षकांमध्ये एक विषयातला व एक शेजारच्या विषयातला, अशी जोडी असावी हे अधिक शहाणपणाचे.

तक्रार मात्र विचारार्ह आहे. आणि ती समजून घेण्यास व्याकरणाची मदत होते. मराठीत ‘मला हे पटत नाही’ असे एक वाक्य आहे, आणि ‘हे शक्य नाही’ असे दुसरे. पहिल्यात चतुर्थीचे ‘मला’ स्पष्ट उभे आहे. न पटणे ही बोलणाऱ्याची अवस्था आहे, याची कबुली त्यात आहे. दुसऱ्यात बोलणारा अदृश्य आहे. तेथे जगाविषयी विधान केलेले आहे व त्यास पुरावा हवा. परीक्षकाचा सर्वांत मोठा दोष असा की, तो पहिले वाक्य मनात धरतो आणि दुसरे कागदावर लिहितो. आर्प यांचे मत पुढील निरीक्षणांनी उचलून धरले नाही, आणि बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांस ते आजही मान्य नाही. म्हणजे मताविषयीचा समितीचा संशय बहुधा बरोबर होता. परंतु मत चूक असणे आणि ते तपासणारे निरीक्षण निरुपयोगी असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तावात परीक्षा करावयाची असते ती प्रश्नाची. त्याचे उत्तर आधीच ठाऊक असते, तर दुर्बिणीची गरजच काय?

याच्या उलट बाजूचे उदाहरणही नारळीकरांच्याच कार्यात सापडते. सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरून येत असावेत काय, हा बहुतेकांस विक्षिप्त वाटणारा प्रश्न घेऊन त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून बलून सोडण्यात आले. २००१ मध्ये एकदा, व पुन्हा २००५ मध्ये. ‘इस्रो’ने त्यास आधार दिला. २००५ च्या प्रयोगात २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने घेतले गेले. त्यांत १२ जिवाणूंच्या व ६ कवकांच्या वसाहती आढळल्या. जिवाणूंपैकी तीन जाती पूर्वी अज्ञात होत्या. २००९ मध्ये त्या जाहीर झाल्या तेव्हा एकीस फ्रेड हॉईल यांचे, एकीस ‘इस्रो’चे व एकीस आर्यभटाचे नाव देण्यात आले. मूळ प्रश्नाचे निर्णायक उत्तर या प्रयोगाने दिले नाही, हे प्रयोगकर्त्यांनीही मान्य केले. तरीही प्रयोग वाया गेला असे कोण म्हणेल? ‘मला हे पटत नाही’ आणि ‘हे करून पाहण्याजोगे आहे’ ही दोन वाक्ये एकाच अभिप्रायात सुखाने नांदू शकतात, याचे हे उदाहरण होय.

७

या विवेचनातून परीक्षकाच्या भाषेविषयी तीन अपेक्षा निष्पन्न होतात. पहिली, अभिप्रायात निर्णय, कारण आणि सुधारणेची दिशा ही तीन वाक्ये वेगवेगळी असावीत. दुसरी, ज्या विशेषणामागे प्रस्तावातील अमुक पान, अमुक आकडा असे बोट ठेवता येत नाही, ते विशेषण खोडावे. माझ्या स्नेह्यांनी खोडले तसे. तिसरी, भाषेचा दोष व विचाराचा दोष यांची गल्लत करू नये, आणि भाषेचा दोष दाखवावयाचाच असेल तर तो दुरुस्त करून दाखवावा.

या तिन्ही अपेक्षा वाङ्मयसमीक्षेकडून आपण नेहमीच करीत आलो आहोत. प्रस्तावाचा अभिप्राय हीही समीक्षाच आहे. फरक एवढाच की ती छापली जात नाही, तिच्याखाली सही नसते, आणि तिचा वाचक बहुधा एकच असतो. त्या एका वाचकास लेखकाचे नाव कधीच कळणार नाही. सही नसलेल्या लेखनात जो प्रामाणिकपणा राहतो, तोच लेखकाचा खरा प्रामाणिकपणा.

आपल्या विद्यापीठाची स्थापना २००४ ची. म्हणजे वय लहान आहे. आपले विद्यार्थी आता प्रस्ताव लिहू लागले आहेत, आणि त्यांतील काही नाकारलेही जात आहेत. नकाराचे दुःख त्यांस मी टाळू शकत नाही. परंतु नकाराचे कारण त्यांस समजावे अशा भाषेत ते लिहिणारा एक तरी परीक्षक आपल्या गावातून पुढे यावा, अशी अपेक्षा करणे अनाठायी नाही. विज्ञान-विभागांतील सहकाऱ्यांनी आपली नावे कळवावीत. अभिप्रायाच्या एखाद्या वाक्याविषयी शंका आली, तर प्रस्ताव आपल्या कपाटातच ठेवून ते एक वाक्य घेऊन आमच्या विभागात यावे. आमच्या दाराला त्यासाठी कडी नाही.